गणपतीत एशियाडचं फुटबॉल कसं बघायचं (आरती न चुकवता)

2026चं एशियाड, म्हणजे आशियाई क्रीडा स्पर्धा, जपानमध्ये आहे, आइची-नागोयाला, 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर, आणि आपली चतुर्थी 14 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशी 25ला. म्हणजे परत तेच होणार जे 2023ला झालं. तेव्हा तर कमालच होती, चीनमधल्या हांगझोऊला भारताची पहिली मॅच चीनबरोबर 19 सप्टेंबरला, बरोब्बर गणेश चतुर्थीला, आणि शेवटची सौदीबरोबर 28 सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीला. टीम बाप्पाबरोबर आली आणि बाप्पाबरोबरच गेली.

आता वेंगुर्ला, कुडाळ, मालवण, देवगड कडे ज्यांचं घर आहे त्यांना वेगळं सांगायला नको की या दिवसांत घरात काय चालू असतं. मुंबईचे चाकरमानी आलेले, गणपतीवर माटवी बांधलेली, रोज कोणाच्या तरी घरी भजन, आणि टीव्हीचा रिमोट कोणाच्या हातात असेल ते देवालाच माहीत. त्यात ही स्पर्धा अशी की नुसती लावून बसलात तर डोक्यावरून जाते, कारण हे वर्ल्डकपसारखं सरळ नाही, पोरांची स्पर्धा म्हणतात आणि मैदानात 39 वर्षांचा माणूस पेनल्टी मारतोय. म्हणून हे लिहितोय. जेवढ्या मॅच बघायला मिळतील तेवढ्या नीट कळल्या पाहिजेत.

तर पहिलं वयाचं बघा, कारण घरात पहिला प्रश्न तोच येतो. 2023ला आमच्या पडवीत भारताचा कप्तान सुनील छेत्री स्क्रीनवर दिसल्या दिसल्या एक काका म्हणाले, "अरे हो तर माझ्या बारक्या भावाच्या वयाचो दिसता, हो पोरांच्या टीमीत कसो?" उत्तर असं की एशियाडमध्ये पुरुषांचं फुटबॉल 2002च्या बुसानपासून 23 वर्षांखालच्यांचं आहे, पण प्रत्येक टीमला तीन खेळाडू वयाची अट सोडून घेता येतात. ऑलिंपिकला पण तसंच, तिकडे 1992पासून 23 वर्षांखालचे आणि 1996पासून तीन मोठे. छेत्री त्या तिघांतला, डिफेंडर संदेश झिंगन पण. ऑलिंपिकमध्ये नेमार 2016ला असाच मोठ्यांच्या कोट्यातून खेळला होता आणि रिओच्या माराकाना स्टेडियमवर फायनलची शेवटची पेनल्टी त्यानेच मारली.

वय मोजायची पद्धत पण सोपी आहे, वाढदिवस वगैरे बघत बसायचं नाही, जन्मसाल बघायचं. 2026ला 23 खालचा म्हणजे 1 जानेवारी 2003 किंवा त्यानंतर जन्मलेला. गंमत 2023ला झाली, कारण ते एशियाड मुळात 2022चं, कोविडमुळे एक वर्ष ढकललं, मग वर्षभर वाट बघितलेल्या पोरांवर अन्याय नको म्हणून अट 1 जानेवारी 1999 ठेवली, म्हणजे प्रत्यक्षात 24 वर्षांची पोरं पण चालली. टोकियो ऑलिंपिकला 2021मध्ये हेच केलं होतं. तर स्पर्धा सुरू व्हायच्या आधी टीमची यादी उघडा, जन्मसालावर नजर फिरवा आणि ते तीन मोठे कोण ते शोधून ठेवा. बहुतेक कोच तिथे अनुभवी डिफेंडर, गोलकीपर नाहीतर गोल मारणारा घेतो, आणि त्यावरून कळतं की कोचला भीती कशाची आहे.

दुसरी गोष्ट क्लबांची, आणि ही समजली नाही तर उगाच आपल्या पोरांना शिव्या घालाल. एशियाड फिफाच्या कॅलेंडरमध्ये येत नाही, त्यामुळे क्लबवर खेळाडू सोडायची सक्ती नाही. ऑलिंपिकला पण नाही, 2008ला मेस्सीवरून बार्सिलोना थेट क्रीडा लवादात गेला होता आणि लवादाने क्लबच्या बाजूने निकाल दिला, तरी त्यांनी त्याला खेळू दिलं आणि अर्जेंटिनाने गोल्ड नेलं. आपल्याकडे 2023ला आयएसएल, म्हणजे आपली क्लबांची लीग, 21 सप्टेंबरला सुरू होणार होती, एशियाडची पहिली मॅच 19ला, मग कोण क्लब आपला माणूस सोडणार? यादी शेवटपर्यंत बदलत राहिली, टीम आदल्या दिवशी चीनला पोचली आणि दुसऱ्या दिवशी मैदानात. सराव नाही, नीट झोप नाही, बेंचवर माणसं कमी. त्या मॅचला पहिल्या हाफला 1-1 होतं आणि शेवटी 1-5, ते चार गोल सगळे दुसऱ्या हाफमध्ये खाल्ले, ते दमलेल्या पायांचे गोल होते. गप्पा मारायला बसलेले लोक म्हणतात "आपल्याक फुटबॉल जमणा नाय", त्यांना हे सांगा. बाकी 2018ला तर टीम पाठवलीच नव्हती, आशियात पहिल्या आठात रँकिंग नाही म्हणून. माझं मत विचाराल तर न पाठवण्यापेक्षा पाच गोल खाल्लेले परवडले.

आता तिसरं, हिशोब. खरी मजा इथे आहे आणि इथेच लोक चॅनल बदलतात.

शाळेच्या वहीचं एक पान घ्या, पेन्सिल घ्या, घरातल्या एका पोराला या कामाला बसवा, सहावी-सातवीतलं असलं तर उत्तम, त्याला गणित पण होतं आणि ते मोबाइल मागत नाही. ग्रुपमधल्या टीमांची नावं एकाखाली एक, पुढे पॉइंट, केलेले गोल, खाल्लेले गोल. जिंकलं की 3, बरोबरीला 1. प्रत्येक मॅच झाली की लगेच भरायचं. 2023चा आपला ग्रुप शेवटी असा दिसत होता:

चीन: 7 पॉइंट, केले 9, खाल्ले 1
भारत: 4 पॉइंट, केले 3, खाल्ले 6
म्यानमार: 4 पॉइंट, केले 2, खाल्ले 5
बांगलादेश: 1 पॉइंट, केले 0, खाल्ले 2

नीट बघा. भारत आणि म्यानमार दोघांचे 4. एकमेकांतली मॅच 1-1. गोल फरक, म्हणजे केलेले वजा खाल्लेले, दोघांचा उणे 3. मग वर कोण? ज्याने गोल जास्त केले तो, म्हणजे भारत, तीन विरुद्ध दोन. आणि त्या तिनांतला एक कुठला, तर चीनबरोबर पाच गोल खाल्ले त्या मॅचमध्ये राहुल केपीने पहिल्या हाफच्या अगदी शेवटी मारलेला. त्या दिवशी सगळे म्हणत होते की मारला तरी काय उपयोग, पाच खाल्लेच ना. उपयोग हा झाला की आपण दुसरे आलो आणि शेवटच्या सोळात सौदीशी खेळलो, 0-2 हरलो, मानाने हरलो. म्यानमार तिसरा आला, त्याच्या वाट्याला जपान आला आणि 7-0 बसले. तो एक गोल नसता तर ते सात आपल्याला बसले असते. म्हणून चार गोलांनी मागे असलेली टीम शेवटच्या मिनिटाला पण पुढे धावते तेव्हा टीव्ही बंद करू नका.

तिसरा येऊन म्यानमार पुढे कसा गेला हा पुढचा प्रश्न. 2023ला सहा ग्रुप होते, प्रत्येकातले पहिले दोन म्हणजे बारा, आणि सोळा करायला चार कमी, म्हणून सगळ्या तिसऱ्यांतले चांगले चार घेतले. त्यामुळे अशा स्पर्धेत तिसऱ्या नंबरवर असलं तरी दुसऱ्या ग्रुपकडे बघत बसायचं असतं. वर आणि काही देशांनी आयत्या वेळी माघार घेतली होती, म्हणून एका ग्रुपमध्ये तर दोनच टीम उरल्या, उझबेकिस्तान आणि हाँगकाँग, ते आपापसातच खेळले, आणि तोच हाँगकाँग पुढे इराणला हरवून सेमीफायनलला गेला. ऑलिंपिकमध्ये 2024च्या पॅरिसपर्यंत पुरुषांच्या सोळा टीम, चार ग्रुप, पहिले दोन पुढे, विषय संपला, तिथे तिसऱ्याला घरचा रस्ता होता.

आणि पॉइंट सारखे झाले की आधी काय बघायचं हे प्रत्येक स्पर्धेत सारखं नसतं, हे भांडण व्हायच्या आधीच बघून ठेवा. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकला आधी गोल फरक होता. आशियाई फुटबॉल संघटनेच्या 23 खालच्या आशियाई कपात आधी एकमेकांतली मॅच. यावरून घरात वाद झाला की दोन्ही बाजू खऱ्या असतात, वेगवेगळ्या स्पर्धेतल्या, एवढंच. नियम वहीच्या त्याच पानावर वरती लिहून ठेवायचा म्हणजे भावजी लोक शांत बसतात.

ग्रुपच्या शेवटच्या मॅच सहसा एकाच वेळी ठेवतात, म्हणजे कोणी निकाल बघून आरामात खेळू नये. त्या दिवशी एक मॅच टीव्हीवर आणि दुसरी मोबाइलवर असं करा, नाहीतर निम्मीच गोष्ट कळेल.

वेळेचं म्हणाल तर जपान आपल्यासाठी देवासारखा आहे. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे संध्याकाळी 7ची मॅच म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेतीन. जेवणं झालेली, पानं उचललेली, बायका जरा टेकलेल्या, आणि साडेपाचपर्यंत मॅच संपते. तिकडची संध्याकाळी 5ची मॅच मात्र आपल्याकडे दीडला येते आणि दीड म्हणजे नैवेद्य होऊन पंगत बसायची वेळ, तेव्हा ताट घेऊन टीव्हीसमोर बसलात तर आईचं जे ऐकावं लागेल ते तुमचं तुम्ही. नॉकआउटची, म्हणजे हरलं की बाहेर अशी, मॅच असली तर जास्तीचा वेळ धरून चला, 15-15 मिनिटांचे दोन भाग आणि मग पेनल्टी, म्हणजे साडेतीनची मॅच सव्वासहापर्यंत खेचू शकते. तरी आरती वाचते. 2023ला चीनमध्ये फरक अडीच तासांचा होता, आपली चीनबरोबरची मॅच इकडे 5ला सुरू झाली आणि संपेपर्यंत समया लागल्या होत्या, दुसरा हाफ अर्धा लोकांनी उठून उठून बघितला, अर्थात तो न बघितलेलाच बरा होता.

अजून एक, उद्घाटनाची वाट बघत बसू नका. अशा मोठ्या खेळांत फुटबॉल बहुतेक वेळा उद्घाटनाच्या आधीच सुरू होतं, कारण दोन मॅचमध्ये पोरांना विश्रांती लागते आणि एवढ्या मॅच पंधरा दिवसांत बसत नाहीत. हांगझोऊचं उद्घाटन 23 सप्टेंबरला होतं, तोवर आपल्या दोन मॅच होऊन गेल्या होत्या. पॅरिसला उद्घाटन 26 जुलै 2024 आणि अर्जेंटिना-मोरोक्को 24लाच, तीच मॅच जिथे लोक मैदानात घुसले आणि जवळपास दोन तासांनी परत बोलावून गोल रद्द केला. तर शेड्यूल आधी बघा, आणि भारताची टीम त्यात असली तर छानच, नसली तरी बघण्यासारखं खूप आहे, त्याचं खाली लिहितो.

आता लाईट आणि नेटवर्क. सप्टेंबरात आपल्याकडे पाऊस गेलेला नसतो, आणि जोराची सर आली की छपरावरच्या डिशचं सिग्नल जातं, कारण त्या लहरी पाण्याच्या थेंबांत शोषल्या जातात, डिश हलवून किंवा पोराला वर चढवून काही होत नाही, सर ओसरली की आपोआप येतं. म्हणून डिश आणि मोबाइल दोन्ही तयार ठेवा. कुठल्या चॅनलवर आहे ते प्रत्येक वेळी बदलतं, 2023चं एशियाड सोनीवर होतं आणि पॅरिस जिओसिनेमावर, त्यामुळे जुन्या अ‍ॅपचे पैसे भरून मोकळे होऊ नका, आधी खात्री करा. चतुर्थीच्या दिवसांत टॉवरवर ताण असतो, मुंबईतले सगळे फोन वाडीत आलेले, सगळे आरतीचे व्हिडिओ पाठवतायत, संध्याकाळी तर व्हिडिओ कॉलमुळे काही उघडत नाही. ज्या कंपनीचं सिम गावात सगळ्यात कमी लोकांकडे आहे त्याचं हॉटस्पॉट घ्या, हे माझं अनुभवाचं ज्ञान, फुकट देतो. क्वालिटी कमी करून ठेवा, बॉल दिसला म्हणजे झालं. लाईट गेली तर इन्व्हर्टरवर टीव्ही आणि देवाजवळचा दिवा एवढंच चालू ठेवा, फ्रिज नको.

अ‍ॅपवरची मॅच टीव्हीच्या मागे असते, अर्धं मिनिट वगैरे, कधी जास्त. म्हणजे शेजारच्या घरातून "गोSSल" आलं तरी तुमच्याकडे अजून थ्रोइनच चालू असतो. दोन उपाय आहेत, एक तर शेजारी जाऊन बसा आणि दुसरा व्हॉट्सअ‍ॅपचा डेटा बंद करा, कारण ठाण्यातला तो एक भाऊ असतोच जो स्कोअर टाकल्याशिवाय राहत नाही.

टीव्ही गणपतीच्या खोलीत असेल तर तो हलवा. पडवीत, मांगरात, शेजाऱ्याच्या खळ्यात, कुठेही. भजनी मंडळी आली आणि तुमचा टीव्ही चालू असला तर बुवा काही बोलणार नाहीत पण गजर असा लांबवतील की पेनल्टी शूटआउट संपून बक्षीस समारंभ होईल. आवाज बंद करून बघा, तसंही कॉमेंट्रीत नावं चुकीचीच घेतात.

भारत नसला तर कोणाला बघायचं? माझा सल्ला, पहिली दक्षिण कोरिया. तिथे प्रत्येक पुरुषाला सैन्यात जायची सक्ती, साधारण दीड वर्ष, आणि एशियाडचं गोल्ड किंवा ऑलिंपिकचं कुठलंही मेडल मिळालं की त्यातून सुटका, थोड्या आठवड्यांचं ट्रेनिंग आणि समाजसेवेचे तास भरले की झालं. युरोपात खेळणाऱ्या पोराचं अख्खं करिअर एका मॅचवर येऊन बसतं. 2018ला सॉन ह्युंग-मिन मोठ्यांच्या कोट्यातून कप्तान होता, त्याच्या टॉटनहॅम क्लबने सीझन चालू असताना सोडला, फायनलला जपानला जास्तीच्या वेळेत 2-1 हरवलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. 2014, 2018, आणि 2023ला परत जपानच 2-1, लागोपाठ तीन गोल्ड. अशा मॅच मेडलसाठी कमी आणि नोकरी वाचवण्यासाठी जास्त खेळल्या जातात, एकदा हे डोक्यात ठेवून बघा, प्रत्येक टॅकल वेगळा दिसतो.

जपानचं उलट. ते 2018ला 21 खालची पोरंच घेऊन आले होते, 2023ला पण टीम तरुणच, पुढच्या ऑलिंपिकची तयारी म्हणून, आणि तरी दोन्ही वेळा फायनलला. जपानची टीम बघताना निकाल बघू नका, नावं लिहून ठेवा. तिसरी उझबेकिस्तान, 2018ला 23 खालचा आशियाई कप जिंकलेली, हांगझोऊला ब्राँझ, पॅरिसला पोचलेली. आपल्याएवढं पण फुटबॉलचं नाव नसलेला देश होता असं जुनी माणसं सांगतील, पण जुन्या माणसांना हे पण विचारा की आपण 1951ला दिल्लीत आणि 1962ला जकार्तात गोल्ड जिंकलं होतं ते आठवतं का. जकार्ताच्या फायनलला कोरियाला 2-1 हरवलं होतं, पीके बॅनर्जी आणि जर्नेल सिंगचे गोल. तेव्हा वयाची अट नव्हती, सरळ देशाची मुख्य टीम. नंतर 1970ला ब्राँझ, आणि मग काही नाही.

नॉकआउट सुरू होईपर्यंत वाडी रिकामी झालेली असणार, चाकरमानी गेले, म्हाळ म्हणजे पितृपंधरवडा सुरू. मग एकट्याने बघायचं नसेल तर ज्यांना वहीचं पान भरायला बसवलं होतं त्या पोरांना बोलवा, त्यांना आता नावं पाठ असतात. पेनल्टीला एक काम द्या त्यांना, पेनल्टी मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायाकडे बघायचं, बॉलच्या बाजूला जमिनीवर टेकतो तो पाय, त्याचा पंजा जिकडे वळलेला बॉल बहुतेक तिकडे. दर वेळी बरोबर येत नाही, पण पोरं पाचातले तीन ओळखतात आणि मग तुमच्या आधी ओरडतात.

आणि स्पर्धा संपल्यावर ही पोरं गायब होत नाहीत, आपापल्या क्लबात परत जातात. आपण सिंधुदुर्गवाले नशीबवान, गोव्यातलं फातोर्डाचं स्टेडियम जवळ आहे, 2017च्या 17 खालच्या वर्ल्डकपच्या मॅच पण तिथे झाल्या होत्या. कुडाळ किंवा सावंतवाडीहून रेल्वेने मडगाव, स्टेशनपासून स्टेडियम लांब नाही. फक्त मॅच रात्रीची असली तर सुटायला उशीर होतो, तिकीट काढायच्या आधी परतीची गाडी बघा, ती नसली तर म्हापशात कोणी पाहुणा आहे का ते बघा, गणपतीत येऊन गेलेला असेल तर नाही म्हणणार नाही.